सामाईक भिंत

गावात तिला हातोडाबाई म्हणतात. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला तिच्या कामातलं ओ की ठो कळत नसणार, कारण हातोडा ती क्वचितच उचलते. तिचं खरं हत्यार पहार, आणि तीही आखूड, चपट्या तोंडाची, सासऱ्यांनी स्वतः वापरून तिच्या हाती दिलेली. जुनी घरं, दुकानं, गोदामं उतरवणं हा तिचा धंदा. 'उतरवणं' हाच शब्द ती वापरते. गिऱ्हाईक 'पाडणं' म्हणालं की ती शांतपणे दुरुस्त करते, आणि पुन्हा 'पाडणं'च म्हणालं तर कामाला नाही म्हणते. असं तिनं खरोखर एकदा केलंय. त्या दिवशी नवरा जेवला नव्हता.

नवरा तसा भला माणूस. धंदा त्याच्या वडिलांचा, पण त्याला उंचीची भीती. स्टुलावर उभं राहून बल्ब बदलायचा म्हटलं तरी त्याला घाम फुटतो. तेव्हा त्यानं खाली वखारीत बसून जुनी दारं-खिडक्या विकायचं पत्करलं आणि छपरावर चढायला सून उरली. लग्न होऊन आली तेव्हा तिला येत होतं ते फक्त शिवणकाम. सासऱ्यांनी एकदा तिला जुना कोट उसवताना पाहिलं. एक धागा तुटला नाही, कापडाला ओरखडा नाही. दुसऱ्या दिवशी ते तिला कामावर घेऊन गेले. सासूबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनीच तिच्यासाठी डबा भरून दिला.

सासऱ्यांची शिकवण साधी होती. घर ज्या क्रमानं चढलं त्याच्या उलट्या क्रमानं खाली आणायचं. आधी कौलं, मग वासे, मग तुळया, मग भिंती, वरची वीट आधी. दोन घरांच्या मधली सामाईक भिंत मात्र, कागदात काहीही लिहिलेलं असो, आपल्या धंद्यात शेजाऱ्याची. तिला पहार लावायची नाही. हे त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं की ती झोपेतही तेच बडबडायची, असं नवरा सांगतो. नवऱ्याच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं.

या बाईबरोबर गावातून चालणं म्हणजे शिक्षा आहे. कोपऱ्यापर्यंत जायला अर्धी सकाळ जाते. दंतवैद्याच्या गॅलरीचा लोखंडी कठडा दिसला की ती थांबते, कारण तो जुन्या नाट्यगृहाच्या बाल्कनीचा. लाँड्रीचं दार बँकेचं आहे, त्याची पितळी मूठ अजून तीच. पोस्टाच्या लाकडी काउंटरवर आता औषधं विकतात, आणि जवळ जाऊन बघितलं तर शाईचे डाग दिसतात. मुलींच्या शाळेचा जिना एका खानावळीत लागलाय. पायऱ्या मधोमध झिजलेल्या, कठड्यावर कुणी कुणी आपली नावं कोरलेली, आणि त्यावरून लोक जेवायला वर जातात. नाट्यगृह गेलं म्हणून कोणी हळहळलं की तिचा पारा चढतो.

"गेलं कुठे?" ती म्हणते. "गावातच आहे. फक्त पांगलंय."

आणि तिच्या भिंती. रांगेतलं एक घर काढलं की शेजारच्या उंच भिंतीवर त्या घराच्या खुणा उघड्या पडतात. जिन्याची तिरकी रेघ वर वर जाते. एकाखाली एक खोल्यांचे रंग दिसतात, एखादा आरसा टांगायचा खिळा दिसतो, न्हाणीघराच्या पांढऱ्या फरशा अधांतरी चिकटून असतात. दुसरे कंत्राटदार हे सगळं खरवडून काढतात. ती टकटक करून बघते, पोकळ वाजेल तेवढाच गिलावा काढते आणि बाकीचा ठेवते. विचारलं तर सांगते की भिंतीला उगाच धक्का नको. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. तिला त्या भिंती आवडतात. संध्याकाळी वाट वाकडी करून ती अशा एखाद्या भिंतीखाली जाऊन उभी राहते आणि कमरेवर हात ठेवून वर बघते. नवरा याला 'तुझं प्रदर्शन' म्हणतो आणि पिशवी घेऊन मुकाट्यानं शेजारी उभा राहतो.

या सगळ्याला गालबोट एकच, तिची आई.

आई धाकट्या भावाकडे राहते, नव्या सोसायटीत, लिफ्टच्या घरात. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की आईचं उत्तर ठरलेलं: "बांधकामात आहे." एकदा लिफ्टमध्ये हेच उत्तर आईनं शेजारणीला दिलं तेव्हा बांधकामातली मुलगी मागेच उभी होती, केसांत चुन्याची धूळ घेऊन. ती शेजारणीकडे बघून हसली. इतक्या वर्षांत आईनं वखारीत पाऊल टाकलं नव्हतं. लेकीनं उतरवलेलं एकही घर बघितलं नव्हतं. मुकादमानं तिला मानलं, इंजिनियरांनी मानलं, ज्यांची घरं उतरवली त्यांनीसुद्धा मानलं. तिला मात्र आईनं मानायला हवं होतं. हे ती कुणापाशी बोलायची नाही, पण हातात पहार असताना दिवसातून एकदा तरी तिच्या मनात ते यायचं.

एका सकाळी वखारीत एक तरुण आला. छापखान्याच्या गल्लीतल्या तीन मजली घराच्या मालकाचा हा नातू. आजोबा गेले, घर विकलं, शेजारच्या दवाखान्याला गाड्या लावायला मोकळी जागा हवी होती.

"काकू, तुम्ही घ्या काम," तो म्हणाला. "तुम्हाला नको असेल तर मशीनवाला तयार आहे. दोन दिवसांत सपाट करून देतो म्हणालाय."

त्या घराच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत ती जन्मली होती, लग्न होईपर्यंत तिथंच वाढली होती. आणि त्या घराला लागून, सामाईक भिंतीच्या पलीकडे, आईची जुनी मैत्रीण अजून एकटी राहत होती. सगळे तिला मावशी म्हणायचे. मशीननं एक धक्का दिला असता तर मावशीच्या घराला वरपासून खालपर्यंत तडा गेला असता. तिनं नातवाला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि काम घेतलं.

मग ती आईकडे गेली. आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, गल्लीतलं आपलं घर काढायचं ठरलंय."

आईनं हातातल्या टॉवेलाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "कोण काढणार?"

"मी."

"दुसऱ्या कुणाला तरी दे."

"दुसरा मशीन लावेल. मावशीची भिंत हलेल."

"मावशीला इकडे आणून ठेवू. पण तू नको." आई वर बघत नव्हती. "गावातली बाकीची सगळी घरं पाड हवी तर. तेवढं एक सोड."

"का पण?"

"नको म्हटलं ना."

"लाज वाटते का तुला माझी?"

आईनं टॉवेल कपाटात ठेवला, कपाट लावलं आणि कपाटाकडेच तोंड ठेवून म्हणाली, "घ्यायचं तर घे. मी आता त्या रस्त्याला फिरकणार नाही. आणि ते काम चालू असेतो तूही इकडे येऊ नकोस."

ती लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरली. रडली नाही, पण तिसऱ्या मजल्यावर एका अनोळखी दारासमोर जरा वेळ उभी राहिली. त्या दाराची चौकट दोन सूत वाकडी बसवलेली होती, तेही तिच्या लक्षात आलं. मग ती उरलेल्या पायऱ्या उतरली आणि कामाला लागली.

स्वतःच्या घराचं पहिलं कौल स्वतः काढायचं नाही, अशी या धंद्यात रीत आहे. हात जड होतो आणि जड हातानं चूक होते, असं सासरे सांगायचे. तेव्हा पहिलं कौल मुकादमानं काढलं. हा मुकादम सासऱ्यांच्या वेळचा, बोलायला कडू आणि हाताला सोनं. त्यानं कौल खाली दिलं आणि म्हणाला, "आता या वर, मालकीणबाई. तुमच्या घराला तुमचीच सवय आहे."

छप्पर निघालं आणि स्वयंपाकघरात आभाळ आलं. चारही भिंती मोहरीसारख्या पिवळ्या. हा रंग आईनं स्वतः दिला होता, घरमालकाला न विचारता, आणि साऱ्या गल्लीनं नाकं मुरडली होती. सामाईक भिंतीजवळ कपाट असायचं. ते आता नव्हतं, पण त्याच्या मागे रंग कधी लागलाच नव्हता, त्यामुळे पिवळ्या भिंतीत एक उभा पांढरा चौकोन राहिला होता. लहान असताना त्या कपाटामागे तिची गोटी गेली होती. ती काढायला तिनं कपाट जरासं ढकललं तेव्हा आईनं फाडकन मुस्काटात दिली होती. आईनं तिला मारलं ते जन्मात तेवढंच.

त्या पांढऱ्या चौकोनात मधोमध गिलाव्याचा एक तुकडा वेगळा होता. थापीनं नाही, हातानं सारवलेला. बोटांचे फराटे दिसत होते. तिनं टकटक केलं. पोकळ वाजलं. पोकळ तेवढं काढायचं हा तिचाच नियम, म्हणून तिनं पहारेचं टोक लावलं आणि अख्खा तुकडा एका दमात खाली आला. मागे विटा होत्या, पण भिंतीच्या बाकीच्या विटांना न जुळणाऱ्या रांगेत. वर आडवी एक लाकडी फळी होती, पलंगाची असावी, दोन्ही टोकं भिंतीत चांगली वीतभर आत बसवलेली.

तिला भयंकर राग आला. कुणीतरी सामाईक भिंतीला भोक पाडलं होतं. माणसाचं डोकं जेमतेम आत जाईल एवढं भोक पाडून नंतर ते बुजवलं होतं.

"चोर असणार," ती म्हणाली.

मुकादमानं वाकून बघितलं. विटांच्या कडांवरून बोट फिरवलं, फळी बघितली. "चोर कसला. चोराला घाई असते. इथं एकही वीट दुखावली नाहीये. वरचं वजन आधी फळीवर घेतलंय आणि मग खालचं काढलंय. कोणीतरी कसलेला माणूस आहे हा."

"कसलेला माणूस सामाईक भिंतीला हात लावतो?"

"ते मात्र आहे," मुकादम म्हणाला आणि तंबाखूची डबी शोधू लागला.

ती तशीच खाली उतरली आणि मावशीकडे गेली. काम चालू असताना शेजाऱ्याच्या घरात रोज एकदा जाऊन भिंत आतून बघायची, हाही नियमच. मावशीच्या घरात सगळ्यात वरच्या मजल्यावर, आतल्या खोलीत नेमक्या त्याच उंचीवर एक खोलगट कोनाडा होता. त्यात औषधाच्या बाटल्या आणि चष्म्याचं घर. हा कोनाडा तिनं लहानपणापासून बघितला होता आणि कधी बघितलाच नव्हता.

"मावशी, हा कोनाडा कुणी केला?"

मावशीनं तिच्याकडे बघितलं. मग तिच्या केसांतल्या धुळीकडे बघितलं. "उघडी पडली का ती पलीकडून?"

"काय?"

"बस," मावशी म्हणाली. "कोनाडा नाही तो. तुझ्या आईची खिडकी ती."

मग मावशीनं सांगितलं. लग्न करून ती या घरात आली तेव्हा नवरा कामाला जाताना बाहेरून कुलूप लावून जायचा. सकाळी लावलेलं कुलूप रात्री निघायचं, कधी कधी दुसऱ्या दिवशी. रस्त्याकडच्या खिडकीलाही त्यानं फळ्या ठोकल्या होत्या. ती भिंतीला टेकून रडायची, आणि एके दिवशी भिंतीतून टकटक ऐकू आली. पलीकडून एका बाईचा आवाज: जेवलीस का?

"जेवले नव्हते," मावशी म्हणाली. "दुसऱ्या दिवसापासून तिनं भिंत उकरायला घेतली. पेचकस आणि भाजी चिरायची जुनी सुरी, एवढंच. तुझा बाप छापखान्यात गेला की कपाट ओढायची आणि सुरू. दोन विटांमधला चुना खरवडायची. वरची वीट आधी. मी इकडून म्हटलं, खालची सैल लागतेय, ती काढा. तर म्हणाली, खालची आधी काढली तर वरची डोक्यात येईल, गप बस. पलंगाची फळी काढून तिनं आधी वर सरकवली. निघालेल्या विटा पलंगाखाली ठेवायची. चुना रुमालात बांधून गटारात. तुझ्या बापाला पत्ता नाही. पलंग एका बाजूला खचतोय म्हणून मात्र कुरकुरायचा बिचारा."

त्या भोकातून जेवण यायचं, दूध यायचं, वर्तमानपत्र यायचं. सगळ्यात जास्त यायच्या त्या गप्पा. मावशीच्या भावाचा पत्ता त्यातूनच पलीकडे गेला. आई स्वतः त्याच्या गावी जाऊन त्याला घेऊन आली. भावानं भरदिवसा कुलूप तोडलं आणि मावशीच्या नवऱ्याला दारातच असं काही सुनावलं की त्यानं पुन्हा या गल्लीत तोंड दाखवलं नाही. मग आईनं पलंगाखालच्या विटा काढून भोक आपल्या बाजूनं बुजवलं. कपाट लावलं. झालं.

"आणि कधी कुणाला सांगितलं नाही?" तिनं विचारलं.

"मी शपथ घातली होती. कुलपात ठेवलेली बायको म्हणून गल्लीनं माझ्याकडे बघू नये, एवढंच मला हवं होतं. तिनं आजवर शब्द खाली पडू दिला नाही." मावशीनं बाटल्या सारख्या केल्या. "घर काढणार कळल्यावर फोन केला होता मला. म्हणाली, माझीच पोर येतेय, आणि तिला भिंत वाचता येते, तिच्यापासून लपणार नाही. दुसऱ्याला काम दे म्हटलं तर ऐकत नाही, म्हणाली."

ती मावशीच्या जमिनीवर मांडी घालून बसली. हसू की रडू तिला कळेना. पेचकस आणि सुरी. कोणी शिकवलं नाही, कोणी दाखवलं नाही, आणि बाईनं भिंतीचं वजन फळीवर तोललं होतं. आयुष्यात इतक्या विटा तिच्या हाताखालून गेल्या होत्या, पण इतक्या निगुतीनं काढलेली वीट तिनं दुसरी बघितली नव्हती. तिचा ऊर भरून आला, असा की बसल्या जागी तिला पाठ ताठ करावी लागली.

"मावशी, मी पुन्हा गिलावा करून टाकते. उद्याच. कुणाला दिसणार नाही."

मावशीनं कोनाड्याकडे बघितलं. "नको," ती म्हणाली. "माझं वय झालं आता. गल्लीनं काय बघायचं ते बघू दे. मी बोलते तुझ्या आईशी."

घर सगळं खाली आलं. एक वीट मावशीच्या अंगणात पडली नाही, भिंतीला केसाएवढाही तडा गेला नाही. राडारोडा उचलल्यावर सामाईक भिंत एकटी उभी राहिली. खाली घरमालकाच्या बैठकीचा निळा रंग, मधल्या मजल्यावर राहणाऱ्या शिंप्याचा हिरवा, सगळ्यावर पिवळा, आणि पिवळ्यात तो पांढरा चौकोन, त्यात विटा आणि वर फळी. जागेत गाड्याच लागणार होत्या, त्यामुळे भिंत झाकायला काही येणार नव्हतं.

अशी भिंत उघडी पडली की माणसं जमतातच. औषधवाला आला, लाँड्रीवाली आली, दवाखान्याचे डॉक्टर हात मागे बांधून उभे राहिले. मुकादम खालून बोट दाखवून जिना कुठून कुठे जायचा ते समजावत होता. एवढ्यात रिक्षा थांबली आणि तिची आई उतरली, एकटीच, चांगले कपडे घालून. लेकीकडे तिनं बघितलं नाही. रस्त्याच्या मधोमध जाऊन मान वर केली आणि आपलं स्वयंपाकघर बघत राहिली. मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली, ती हलली नाही. तो वळसा घालून गेला.

"ते वर मध्ये काय आहे?" डॉक्टर विचारत होते. "ती फळी?"

"कुणा कसलेल्या गवंड्याचं काम," मुकादम म्हणाला. "पण कुणाचं ते नाही कळत."

आईनं वळून मावशीच्या दाराकडे बघितलं. मावशी उंबऱ्यात खुर्ची टाकून बसली होती. तिनं मान हलवली, हळू, दोनदा.

"माझं," आई म्हणाली.

सगळे वळले. आईनं सांगितलं. मोठ्या आवाजात नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. कुलपाचं मावशीनं स्वतःच मध्ये बोलून सांगितलं. लाँड्रीवाली जाऊन मावशीच्या खुर्चीशेजारी उभी राहिली. मुकादमानं हातावर मळलेली तंबाखू झटकून टाकली, आणि जे त्याला ओळखतात त्यांना ही केवढी गोष्ट आहे ते कळेल.

"एक वीट फुटू दिली नाही मी," आई त्याला म्हणाली. "मोजून बघा हवं तर." मग तिनं प्रथमच लेकीकडे बघितलं, केसांपासून बुटांपर्यंत. भिंतीकडे बघितलं, पुन्हा लेकीकडे. "तूही बरी काढलीस. तडा नाही कुठे."

लेकीनं मान हलवली.

"म्हणजे बाईंचा हात तुमच्यावर गेलाय म्हणायचा," डॉक्टर हसून आईला म्हणाले. "आम्ही आजवर समजत होतो, सासऱ्यांकडून शिकल्या."

"सासऱ्यांनी पहार दिली," आई म्हणाली. "काम तिच्या माहेरचं आहे."